उसन्या हातांची परीक्षणं

ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण गुण देताना त्याचा हात फार आखडायचा. एका संकेतस्थळासाठी तो कन्सोलवरच्या व्हिडिओ गेम्सची परीक्षणं लिहायचा. चौदा वर्षांत त्याने दहापैकी नऊ गुण फक्त तीनदा दिले होते, आणि दहा तर कधीच नाहीत. गेम बनवणारे त्याच्या नावाने बोटं मोडत, पण वाचक त्याचा शब्द वाचल्याशिवाय गेम विकत घ्यायचे नाहीत. शर्यतीचा असो, भुताखेतांचा असो, फुटबॉलचा असो की डोकं खाजवायला लावणाऱ्या कोड्यांचा, मास्तर गेम शेवटापर्यंत खेळायचा आणि मगच लिहायचा. अर्धवट खेळून लिहिणाऱ्यांबद्दल तो जे बोलायचा ते छापण्यासारखं नसायचं.

अशा या माणसाचा उजवा अंगठा बिघडला.

एकदम नाही. आधी सकाळी बरणीचं झाकण फिरवताना मनगटाशी कळ यायला लागली. मग शर्टाचं वरचं बटण लावताना. मास्तरने कानाडोळा केला. त्या आठवड्यात त्याच्याकडे तलवारबाजीचा एक मोठा गेम आला होता. त्यात एका लाकडी पुलावरून उडी मारत पलीकडे जायचं होतं, आणि त्याचा शिपाई तिथून अकरा वेळा खाली पडला. मास्तरने वहीत लिहिलं, ‘नियंत्रण सैल, बटणाला प्रतिसाद उशिरा.’ गुण दिले सहा. दोन दिवसांनी बाकीच्यांची परीक्षणं आली, तर झाडून सगळ्यांनी त्याच नियंत्रणाचं तोंड भरून कौतुक केलेलं. मास्तरने तो पूल पुन्हा लावला आणि या वेळी पडद्याकडे न बघता आपल्या अंगठ्याकडे बघत बसला. अंगठा बटणावर पोचत होता, पण उशिरा. सैल होता तो अंगठा. गेमला त्याने फुकट बदनाम केलं होतं.

हाताच्या डॉक्टरने अंगठा मुठीत धरायला लावला, मनगट खाली वाकवलं आणि मास्तर खुर्चीतून अर्धा उठला.

“अंगठ्याचा स्नायुबंध ज्या नळीतून सरकतो ती नळी सुजलीय,” डॉक्टर म्हणाला. “तीन महिने हा खेळ बंद. नाही ऐकलं तर ती नळी कापावी लागेल, आणि कापल्यावरही अंगठा आधीसारखा होईलच असं मी लिहून देणार नाही.”

“माझं कामच ते आहे, डॉक्टर.”

“मग काम बदला,” असं म्हणून डॉक्टरने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

काम बदला. मास्तर जिना चढताना तेच घोकत होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. छत्तिसाव्या वर्षी दुसरं काय येत होतं त्याला? ऑफिसात त्याच्याआधी एक परीक्षक होता, पाठीचं दुखणं घेऊन संपादकबाईंकडे गेला होता. बाईंनी त्याची खूप विचारपूस केली, त्याला जाहिरातीचा मजकूर लिहायला बसवलं, आणि चार महिन्यांत तो आपणहून निघून गेला. बाई वाईट नव्हत्या. पण दर पंधरा दिवसांनी नवा गेम दाराशी येऊन उभा राहायचा, त्यासोबत तारीख आणि वेळ यायची, की याच्या आधी एक अक्षर बाहेर पडायला नको आणि नंतर एक मिनिट उशीर नको. असल्या रहाटगाडग्याला दुखरा अंगठा कोण जोडून ठेवणार?

घरात तेव्हा सासरे राहायला होते. एकतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस. खुब्याचं हाड मोडल्यावर लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं होतं. शस्त्रक्रिया चांगली झाली होती, पण तीन मजले उतरायची मुभा नव्हती. त्यामुळे सकाळी खिडकीपाशी, दुपारी पलंगावर आणि संध्याकाळी पुन्हा खिडकीपाशी, एवढाच त्यांचा प्रवास. चाळीस मीटर उंचीवर, पायाखाली काच असलेल्या केबिनमध्ये बसून ज्यांनी जहाजं रिकामी केली, ते आता समोरच्या दुकानदाराने शटर किती वाजता उघडलं याची नोंद ठेवायचे. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, ती सकाळी नऊला निघायची. मग दिवसभर घरात दोघंच, जावई आणि सासरे, आणि दोघांच्या मध्ये एक भिंत.

त्या आठवड्यात डोंगरवाटांवरच्या शर्यतीचा गेम आला. मास्तरने अंगठ्याला पट्टी बांधली आणि खेळायला बसला. तिसऱ्या वळणावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कंट्रोलर मांडीवर टाकून तो नुसता बसून राहिला.

“काय झालं?” दारात कुबडी टेकवून सासरे उभे होते.

“काही नाही, बाबा. हात जरा.”

“जरा नाहीये तो. आठ दिवस बघतोय, चहाचा कप डाव्या हातानं उचलताय.” ते हळूहळू आत आले आणि शेजारच्या खुर्चीत बसले. पडद्यावर गाडी दरीच्या कठड्याला टेकून थांबली होती. “हे दोन दांडे कशाचे?”

“एकानं गाडी वळते. दुसऱ्यानं आजूबाजूला बघायचं.”

“आणि मागची बटणं?”

“वेग आणि ब्रेक.”

म्हाताऱ्याने कंट्रोलर उचलला आणि तळहातावर तोलून पाहिला. “माझ्याकडेही दोनच होते,” ते म्हणाले. पहिल्या फेरीत त्यांनी गाडी तीनदा दरीत घातली. दुसऱ्या फेरीत एकदा. पाचव्या फेरीला मास्तर खुर्चीत पुढे सरकून बसला, कारण म्हातारा घाटातून गाडी अशी काढत होता की जणू दोरीला टांगलेलं ओझं कुठेही न आपटता खाली उतरवतोय.

“गाडीला वजन आहे,” सासरे पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. “वळणावर मागचा भाग आधी पळू बघतो, मग त्याला आपली चूक कळते आणि तो परत येतो. हे ज्यानं केलंय ना, त्यानं कधीतरी खरं ओझं हलवलेलं असणार.”

मास्तरने वही ओढली आणि हे वाक्य डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून घेतलं.

दुपारी जेवताना सासऱ्यांनी विचारलं, “मी खेळलो तर तुमच्या बाईंना चालणार आहे ना?”

“मी सांगितलंय त्यांना,” मास्तर म्हणाला. विचार करायच्या आधीच शब्द तोंडातून निघून गेले होते. परत घ्यायला एक क्षण होता, पण तेवढ्यात म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली आणि ताटातला घास उचलला.

शर्यतीच्या परीक्षणाने धमाल उडवली. वाचकांनी लिहिलं, मास्तरांनी इतकं जिवंत कधी लिहिलं नव्हतं. पुढचा गेम भुतांचा होता. एक पडका दवाखाना, त्यात अडकलेली एक बाई. सासऱ्यांनी तो दोन दिवस खेळला आणि नाक मुरडलं. “हे भूत उतावळं आहे हो. आपण खोलीत पाय टाकायच्या आत ओरडतं. भीती असते ती दाराच्या अलीकडे. दार उघडल्यावर नुसतं पळायचं काम उरतं.” मास्तरने तेच लिहिलं, जरा शब्द फिरवून, आणि साडेपाच गुण दिले. मग कोड्यांचा गेम आला. तो सासऱ्यांना मुळीच झेपला नाही. “हा मला शिकवतोय की माझी परीक्षा घेतोय?” म्हणून ते चिडले. तेव्हा डोकं मास्तरचं आणि हात म्हाताऱ्याचे, असं करत दोघांनी तो तडीस नेला. मारामारीच्या गेममध्ये तर म्हातारा असा रमला की गोळ्यांची वेळ चुकली. “फटका बसला की क्षणभर सगळं थांबतं. ते फार चांगलं आहे. आपण काय केलं ते माणसाला कळायला वेळ मिळतो.”

आपण काय केलं ते मास्तरलाही कळत होतं, आणि वेळही भरपूर मिळत होता. दिवसभर खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसायचं, दुसऱ्याचा खेळ बघायचा, आणि संध्याकाळी ‘हाताला जाणवतं’, ‘बोटांना सवय होते’ अशी वाक्यं लिहायची. कोणाचा हात? कोणाची बोटं? जुन्या वाचकांची पत्रं उघडायची त्याला धास्ती वाटायला लागली. खोली तीच होती, दहा बाय बाराची, पण ती रोज वीतभर आत सरकतेय असं त्याला वाटायचं. सासरे मात्र खुलले होते. सकाळी सातला दाढी करून तयार असायचे आणि विचारायचे, “आज किती वाजता कामाला बसायचं?”

“तू बाईंना सांगितलंस का खरंच?” बायकोने एकदा चादर झटकता झटकता विचारलं.

मास्तर उशीला अभ्रा घालत राहिला.

“म्हणजे नाही सांगितलंस,” ती म्हणाली. “बाबांना माहितीय?”

“नाही.”

“माझ्या बापाला तू आडोशाला बसवलंयस, समजतंय का तुला?” तिने आवाज चढवला नव्हता. “मी सांगणार नाही. तोंड तुझं आहे, तूच उघड.”

आणि मग संपादकबाईंचा फोन आला.

“मास्तर, हल्ली तुमच्या लिखाणात हात दिसायला लागलेत,” त्या खुशीत होत्या. “सगळे तेच म्हणतायत. मग म्हटलं, दाखवूनच टाकू. मनोरा चढायचा तो गेम येतोय ना, सगळ्यांच्या नाकी नऊ आणणारा? तुम्ही तो खेळताना आपण चित्रण करू. चेहरा नको, फक्त हात आणि पडदा. शुक्रवारी अकरा वाजता मी कॅमेरावाल्याला घेऊन घरीच येते.”

“घरी कशाला, बाई? घर लहान आहे. सासरे आजारी असतात.”

“अहो, दहा मिनिटांचं काम. त्यांना त्रास होऊ देणार नाही.”

त्याने भिंतीला रंग लावायचं निमित्त काढलं, पाहुण्यांचं काढलं, विजेचं काढलं. बाईंनी एकेक निमित्त हसत हसत बाजूला केलं. फोन ठेवला तेव्हा सासरे दारात होते.

“हातांचं चित्रण करणार म्हणाल्या?”

“हो. बघू.”

“माझ्या हातांचं?”

“बघू, बाबा,” मास्तर म्हणाला आणि कामाचा बहाणा करून न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला.

शुक्रवारपर्यंत पाच दिवस होते. पाचही दिवस मास्तर मनात वाक्य जुळवत राहिला, आणि पाचही दिवस सासरे मनोरा चढत राहिले. तो गेम खरंच जीवघेणा होता. दगडी कड्यावरून कड्यावर उडी, केसभर चुकलं की थेट तळाला. म्हाताऱ्याने तो सत्तर-ऐंशी वेळा पडून पडून घोटला. गुरुवारी ते अर्ध्यापर्यंत पोचले आणि लेकीला म्हणाले, “माझा निळा शर्ट इस्त्री करशील?” तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि इस्त्रीचं बटण लावलं.

सांगता येत होतं. अजूनही सांगता येत होतं. पण निळा शर्ट हँगरला लागल्यावर मास्तरचं उरलंसुरलं बळही गेलं.

शुक्रवारी बायको दुकानात गेली. जाताना काही बोलली नाही. अकराला दहा कमी असताना घंटा वाजली. बाई तीन मजले चढून धापा टाकत होत्या, मागे कॅमेरावाला, त्याच्या खांद्याला दोन पिशव्या. “हीच का ती खोली?” म्हणत बाई आत शिरल्या आणि थबकल्या.

पडद्यासमोरच्या मधल्या खुर्चीत सासरे बसले होते. निळा शर्ट, गुळगुळीत दाढी, भांग पाडलेला. कंट्रोलर दोन्ही हातांत. नखंसुद्धा कापलेली.

“नमस्कार,” ते म्हणाले. “मी तयार आहे. उजेड खिडकीकडून घ्यायचा की दिवा लावायचा?”

बाईंनी मास्तरकडे बघितलं. कॅमेरावाल्याने पिशवी जमिनीवर ठेवली. “हे कोण?” बाईंनी विचारलं. विचारण्यात वाकडं काही नव्हतं, त्या खरंच विचारत होत्या.

“सासरे माझे,” एवढंच मास्तरच्या तोंडून निघालं.

म्हातारा बाईंकडे बघत होता. मग जावयाकडे. एकतीस वर्षं क्रेनखाली उभ्या असलेल्या माणसांच्या हातवाऱ्यांवरून सगळं ओळखणारा माणूस तो, त्याला किती वेळ लागणार? त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं आणि डोळ्यांतलं मात्र गेलं.

“मी आपला उगीच बसलो होतो,” ते बाईंना म्हणाले. “घरात बसून कंटाळा येतो. जावईबापूंची जागा अडवली.” खुर्चीचा हात धरून ते उठले, कुबडी काखेत घेतली आणि कंट्रोलर मास्तरपुढे धरला. “घ्या. सुरू करा.”

मास्तरने तो घेतला. म्हातारा आपल्याला झाकतोय हे त्याला कळत होतं. तरीही तो खुर्चीत बसला. कॅमेरावाल्याने दिवा लावला आणि कॅमेरा त्याच्या हातांवर रोखला. मनोऱ्याचा पहिला कडा, सगळ्यात सोपा. मास्तरने उडी मारली आणि अंगठा उशिरा पोचला. पडद्यावरचा माणूस तळाला गेला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा कळ कोपरापर्यंत गेली आणि कंट्रोलर त्याच्या हातातून सुटून सतरंजीवर पडला.

“दडपण येतं कॅमेऱ्याचं,” बाई समजुतीने म्हणाल्या. “घ्या, निवांत घ्या.”

“दडपण नाही, बाई.” मास्तर पडलेल्या कंट्रोलरकडे बघून बोलत होता. “मला खेळता येत नाही. दोन महिने झाले. अंगठा गेलाय. शर्यतीचा गेम यांनी खेळला. भुतांचा, मारामारीचा, सगळे यांनीच. कोड्यांच्या गेममध्ये डोकं तेवढं माझं होतं. मी शेजारी बसून लिहिलं.”

“आणि हे मला आज सांगताय?”

“यांनाही आजच कळतंय. यांना मी सांगितलं होतं की तुम्हाला सगळं माहिती आहे.”

कॅमेरावाल्याने दिवा बंद केला. बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, मग परत आल्या. “अर्धवट खेळून लिहिणाऱ्यांना तुम्ही काय म्हणायचात, आठवतंय का मास्तर?”

“आठवतंय.”

“वाक्यं तरी तुमची होती का?”

“चांगली होती ती यांची होती.”

सासऱ्यांनी कुबडी फिरवली आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

बाईंनी त्याला काढून टाकलं नाही. त्या म्हणाल्या, आता वाचकांना काय सांगायचं ते तूच लिहायचंस. चौदा वर्षांत त्या पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत होत्या. मास्तरने ते निवेदन तीन दिवस लिहिलं. चार परीक्षणांवर ते लागलं. पाचव्यावर, म्हणजे त्या तलवारबाजीच्या गेमवर, त्याने आपणहून लावायला सांगितलं, आणि तिथे लिहिलं की दोष बटणाचा नव्हता, माझ्या अंगठ्याचा होता. निवेदनाखाली वाचकांनी जे लिहिलं ते त्याने सगळं वाचलं. शिव्या निम्म्या होत्या. उरलेल्यांतले बरेच जण विचारत होते, तो खेळणारा माणूस कोण आणि तो आता कुठे लिहितो?

बाईंनीही तेच विचारायला फोन केला, आणि तो त्यांनी सासऱ्यांनाच द्यायला लावला. मास्तर बाहेर उभा राहून ऐकत होता.

“मला लिहिता येत नाही, बाई,” सासरे म्हणाले. “मी बोललो असतो आणि त्यांनी लिहिलं असतं, दोघांची नावं खाली घालून. तेवढं साधं होतं ते. आता नको.”

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरने लिहून दिलं नव्हतं ते बरंच झालं, कारण अंगठा आधीसारखा झाला नाही. मास्तर आता ऑफिसात जातो. बिनखिडकीच्या कोपऱ्यातल्या खोलीत दुसऱ्यांची परीक्षणं तपासतो, ऱ्हस्व-दीर्घ बघतो, एखाद्याने ‘हाताला जाणवतं’ असं लिहिलेलं दिसलं की त्याला बोलावून विचारतो, “काय जाणवलं? नीट सांग.” तरुण परीक्षक त्याला टरकून असतात. मास्तर हे नाव तेवढं टिकलं, पण त्यात आता हसणं असतं का, हे त्याला ओळखता येत नाही.

घरी आल्यावर सासऱ्यांच्या खोलीतून गेमचे आवाज येतात. कन्सोल आता तिथे असतो. लेकीने नेऊन लावून दिला. म्हातारा आपल्यापुरता खेळतो आणि कोणाशी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. जेवणाच्या टेबलावर मीठ मागतात, बातम्या विचारतात, जावईबापू म्हणायचंही सोडलेलं नाही. पण मास्तरने एकदा धीर करून विचारलं होतं, “नवा गेम कसा आहे, बाबा?” तेव्हा ते म्हणाले, “बरा आहे.” पुढच्या आठवड्यातही “बरा आहे.” गाडीचं वजन आणि भुताचा उतावळेपणा ज्यांना दिसायचा त्यांच्याकडे आता हे दोनच शब्द उरले होते, निदान मास्तरसाठी.

परवा तो ऑफिसातून लवकर आला. सासऱ्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पडद्यावर समुद्र होता आणि एक लहानशी होडी लाटांमधून वाट काढत होती. म्हाताऱ्याचे अंगठे इतके हळू हलत होते की हलताहेत हे कळायला बघत राहावं लागत होतं. मास्तर बूट न काढता चौकटीला टेकून बघत राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. विचारायचं खूप होतं. होडी वाऱ्याला दाद कशी देते, लाट खालून लागते का, असं बरंच काही जिभेवर येऊन थांबलं होतं.

“पाय बरे आहेत म्हणून उभंच राहायला नको,” सासरे पडद्याकडे बघतच म्हणाले. “बसायचं तर बसा. विचारायचं मात्र नाही.”

मास्तर पलंगाच्या कडेला बसला. दोन्ही हात त्याने मांडीवर ठेवले आणि तोंड मिटून घेतलं.